हाफपँट पाहिजे, मांडी घालून बसता येईल अशी

ट्रेकला जाणारा मराठी माणूस बुटांचा जेवढा अभ्यास करतो तेवढा त्याने दहावीला केला असता, तर आज त्याला ट्रेकला जायला सवडच मिळाली नसती. बुटाचा सोल, सोलच्या खाचा, खाचांची खोली, घोट्याचा आधार, सॅक किती लिटरची, टॉर्च किती ल्युमेनचा, पाण्याच्या पिशवीच्या नळीला प्लास्टिकचा वास येतो का आणि येत असेल तर तो लिंबाने जातो का, या प्रत्येक विषयावर त्याचं स्वतंत्र मत असतं आणि गाडी कसारा घाट चढून जाईपर्यंत ते तो मांडत राहतो. कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या मुलखाबद्दल मात्र अवाक्षर नाही. तिथे काय घालायचं हे निघायच्या आदल्या रात्री साडेअकराला, कपाटाच्या तळच्या खणात हात घालून, जे हाती येईल त्यावर ठरतं.

यात थोडा संकोचाचा भाग आहेच. मोठ्या माणसाने चारचौघांत गुडघे दाखवायचे तर त्याला काहीतरी अधिकृत कारण लागतं. कबड्डीपटूला ते आहे. मुंबईच्या जुन्या हवालदाराला होतं. निळी हाफपँट आणि पिवळी टोपी एवढ्यावर त्याने कित्येक पिढ्यांना धाक दाखवला, मग तोही फुलपँटीत गेला. १९२५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने २०१६ च्या दसऱ्याला खाकी हाफपँट सोडून तपकिरी फुलपँट धरली. आता महाराष्ट्रातल्या प्रौढ गुडघ्यांची परंपरा चालवायची जबाबदारी दोनच गटांवर उरली आहे. एक ट्रेकर, आणि दुसरे रविवारी सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणारे. हे दोन्ही गट पुष्कळदा एकच पँट वापरतात आणि सगळ्या दुःखाचं मूळ तिथे आहे.

एका दिवसाच्या ट्रेकला कुंड्यांची पँट चालते. लोहगडाला तर काहीही चालतं. लोहगडावर मी शेरवानीतला माणूस पाहिलाय. त्याचं प्री-वेडिंग शूट चालू होतं आणि फोटोग्राफर त्याला विंचूकाट्याकडे बघून हसायला सांगत होता. खरी परीक्षा असते ती लांबच्या चालीची. राजगडावरून संजीवनी माचीने उतरून तोरणा आणि तिथून पुढे रायगड. घाटमाथ्यावरून एका नाळेने कोकणात उतरायचं, पायथ्याच्या गावात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच घाटाने वर यायचं. किंवा आषाढात पन्हाळ्यावरून निघून पावनखिंडीपर्यंत पन्नासएक किलोमीटर चिखल तुडवायचा. माणूस एका किलोमीटरला साधारण तेरा-चौदाशे पावलं टाकतो. पन्नास किलोमीटरला पासष्ट-सत्तर हजार. तेवढ्या वेळा डावी मांडी उजवीला भेटून येते, आणि दोघींच्या मध्ये तुम्ही कपाटाच्या तळातून काढलेलं ते कापड असतं.

मांड्या काचतात त्याचं कारण साधं आहे, पण ट्रेकच्या तयारीच्या बैठकीत ते कुणी सांगत नाही. भिजलेली कातडी मऊ पडते आणि कोरड्या कातडीपेक्षा जास्त घासली जाते. घाम वाळला की मागे मीठ उरतं, आणि मीठ म्हणजे बारीक खडे. सुती कापड हा घाम पिऊन टाकतं आणि परत द्यायचं नाव घेत नाही. त्यात पँटच्या पुढच्या, मागच्या, डाव्या, उजव्या, अशा चारही भागांच्या शिवणी नेमक्या जिथे एकत्र येतात, ती जागा चालताना सर्वांत जास्त घासणारी. म्हणजे शिंप्याने सगळ्यात जाड गाठ देवाने सगळ्यात नाजूक ठेवलेल्या ठिकाणी मारलेली असते.

याचा परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी फक्त एक जण नेहमीपेक्षा शांत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अख्खा ग्रुप घोडे चोरीला गेलेल्या स्वारांसारखा पाय फाकवून उतरत असतो. कुणी कुणाला विचारत नाही. लीडर म्हणतो, “जरा पायात गोळे आलेत.” दुसरा म्हणतो, “बूट नवीन आहेत.” मग अधूनमधून एकेक जण “मी आलोच, तुम्ही व्हा पुढे” म्हणून कारवीमागे जातो आणि परत येतो तेव्हा खोबरेल तेलाचा वास येत असतो. प्रथमोपचाराच्या पेटीत बँडेज, आयोडीन, क्रेप, ओआरएस सगळं जसंच्या तसं राहतं, आणि पेट्रोलियम जेलीची डबी तळापर्यंत खरवडलेली निघते. काही जुने लोक पावडर लावतात. पावडर पहिला तासभर बरी वाटते. त्यानंतर ती घामात मळली जाते आणि तिच्या गोळ्या होतात. त्यापुढचं वर्णन मासिकात छापण्यासारखं नाही.

आता कपाटाच्या तळाशी काय काय असतं ते पाहू. सर्वांत आधी सापडते जुनी जीन्स गुडघ्यावर कापून केलेली हाफपँट. हिचे कडेचे दोरे लोंबत असतात, आणि कॉलेजच्या दिवसांत ते लोंबणं मुद्दाम राखलेलं असतं. कोरडी असताना ती जड असते. पावसात भिजली की तिच्यात दुसरा माणूस येऊन बसतो. जुलैमधल्या सह्याद्रीत जीन्स वाळत नाही. रात्री देवळाच्या दोरीवर टाकलेली पँट सकाळी तितकीच ओली, वर गारही असते, आणि ती पायांत चढवताना भल्या भल्या गड्यांच्या तोंडून देवाचं नाव निघतं.

मग येतो बर्मुडा. ज्या बर्म्युडा बेटांवरून ही पँट आली तिथे ती रुबाबदार गोष्ट आहे. तिथले साहेब लोक वर कोट, टाय आणि खाली गुडघ्यापर्यंत मोजे घालून ती कचेरीत नेतात. ऑलिंपिकच्या संचलनात त्यांचा संघ लाल बर्मुडा घालून चालतो. आपल्याकडे तिच्यावर नारळाची झाडं, समुद्र आणि एखादा पोपट असतो. इलास्टिक ढिलं, नाडा धुण्यात आत गेलेला. एका खिशात फोन, दुसऱ्यात चिक्की आणि वरून पाऊस, एवढ्यावर ती खाली निघते. मग एका हाताने काठी आणि एका हाताने पोपट सांभाळत कातळाचा टप्पा उतरावा लागतो. कातळावर तीन ठिकाणी पकड हवी असा प्रस्तरारोहणाचा नियम आहे. बर्मुडावाल्याकडे ती नेहमी दोनच ठिकाणी असते.

कार्गो पँटवाला हा वेगळा स्वभाव आहे. त्याला सहा खिसे असतात आणि रिकामा खिसा त्याला बघवत नाही. चाकू, लायटर, सुतळी, लिमलेटच्या गोळ्या, सेफ्टी पिना, होकायंत्र, गेल्या ट्रेकचं एसटीचं तिकीट. मांडीवरचा भरलेला खिसा प्रत्येक चढणीच्या पावलाला पायावर आपटतो. त्या माणसाला पुढे पाठवलं तर त्याच्या आवाजावरून मागच्यांना वाट कळते, एवढा त्याचा फायदा. कालांतराने एका मांडीवर होकायंत्राच्या आकाराचा निळा डाग पडतो आणि तो उत्तर दाखवत नाही.

पण माझी सगळ्यात लाडकी म्हणजे चेनवाली. गुडघ्याशी गोल चेन, ती उघडली की फुलपँटची हाफपँट होते. कागदावर याहून हुशार वस्तू नाही. प्रत्यक्षात चेनचा तो गोल काटेरी पट्टा गुडघ्याच्या वरच्या बाजूला नेमका घासतो. शिवाय सुटे झालेले दोन पाय सांभाळायचे असतात. ते एका टाक्याजवळ वाळत टाकले जातात आणि दुसऱ्या टाक्याजवळ पोचल्यावर आठवतात. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे आता फक्त डावा पाय उरला आहे. त्यांनी तो टाकून दिलेला नाही. “उजवा पुन्हा त्या बाजूला गेलो की मिळेल,” म्हणतात. ती बाजू म्हणजे अलंग-मदन-कुलंग.

हाफपँट हवीच कशाला, असा एक पक्ष आहे, आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. कळसूबाईची वाट म्हणजे रहदारीचा रस्ता. १६४६ मीटर उंचीच्या त्या शिखरावर शिड्या आहेत आणि वाटेत लिंबू सरबतही मिळतं. तिथे उघडे पाय बिनधास्त न्यावेत. पण वापरात नसलेल्या घाटवाटेवर करवंदाच्या जाळ्या आणि घाणेरीची झुडपं माणसाच्या पोटऱ्यांवर सही केल्याशिवाय सोडत नाहीत. पावसाळा सरला की कुसळं येतात. कुसळाचं शेपूट ओलं-कोरडं होताना पीळ खातं आणि टोक स्क्रूसारखं आत घुसतं. ही व्यवस्था निसर्गाने बी जमिनीत रुजावं म्हणून केली आहे, पण मोज्यात आणि जमिनीत फरक करायला कुसळाला कुणी शिकवलेलं नाही. हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा वाळतात. त्यांच्यावरची सोनेरी लव एकदा पायाला लागली की तो पाय आपला राहत नाही. अशा वाटेला फुलपँट घालावी, वाद घालू नये.

जळवांच्या बाबतीत मात्र मी हाफपँटच्या बाजूने आहे. पावसाळ्यात आंबोलीला, वासोट्याच्या जंगलात, कोयनेच्या बाजूला त्या असतात. फुलपँटवाल्याला वाटतं आपण सुरक्षित. जळू बुटावरून चढते, मोज्याच्या विणीतून वाट काढते आणि अंधारात निवांत जेवते. चावताना दुखत नाही, आणि तिच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ती गळून पडल्यावरही धार चालू राहते. संध्याकाळी पँट वर केल्यावर जे दिसतं त्याने माणसं खाली बसतात. हाफपँटवाल्याला जळू निदान येताना दिसते. गावातला माणूस चंचीतली तंबाखू ओली करून पायाला चोळतो आणि चालू पडतो. तोही हाफपँटमध्येच असतो, आणि पायात प्लास्टिकच्या चपला.

या गावातल्या माणसांकडे पाहिलं की आपल्या सगळ्या चर्चेची पंचाईत होते. ठाकरवाडीतली बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन, कासोटा घातलेलं लुगडं गुडघ्याच्या वर खोचून, आपण बुडावर घसरत उतरतो ती वाट बोलत बोलत उतरून जाते. कोजागिरीच्या रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीची गोष्ट लहानपणापासून सांगितली जाते. ती तान्ह्या बाळासाठी उतरली हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण लुगड्यात उतरली याकडे कुणी कौतुकाने बघत नाही.

आणि लांब पल्ल्याच्या चालीचा विषय निघालाच आहे तर महाराष्ट्रातले सर्वांत अनुभवी लोक ट्रेकर नव्हेतच. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात आहे आणि दर आषाढात लाखो लोक ते चालतात. त्यांत सत्तरीचे आजोबा असतात. दिवेघाट ते अभंग म्हणत चढतात. आपण त्याच घाटात गाडीचा गिअर बदलतो आणि दमतो. त्यांच्या अंगावर धोतर, नाहीतर पांढरा लेंगा. धोतराला शिवणच नाही, त्यामुळे शिवण टोचण्याचा प्रश्न येत नाही. कापड पातळ, म्हणून चालता चालता वाऱ्याने वाळतं. लेंग्याची गंमत आणखी पुढची आहे. जुन्या पद्धतीच्या लेंग्यात दोन पायांच्या मध्ये शिंपी शंकरपाळ्याच्या आकाराचा एक जादा तुकडा घालतात. काही ठिकाणी त्याला मियानी म्हणतात. त्याने चार शिवणी एका बिंदूला येत नाहीत, ओढ चारी बाजूंना वाटली जाते आणि पाय हवा तेवढा फाकतो. आज परदेशी कंपन्यांच्या महागड्या ट्रेकिंग पँटवर चिठ्ठी लटकत असते, तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: गसेटेड क्रॉच. तो गसेट म्हणजे हाच तुकडा. आपल्या आजोबांच्या लेंग्यात तो फुकट होता. आता त्याचे हजार-दीड हजार वेगळे पडतात.

तिकडचे लोकही हळूहळू इथेच येऊन पोचले आहेत. अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेल म्हणून साडेतीन हजार किलोमीटरची वाट आहे, जॉर्जियापासून मेनपर्यंत. ती एका दमात चालणाऱ्यांना पाच ते सात महिने लागतात. सुरुवातीला ते आपल्यासारखेच खिसेवाल्या जाड पँट घालून निघतात. काही आठवड्यांत खिसे जातात, जाडी जाते, आणि माणूस धावपटूंच्या पातळ चड्डीवर येऊन ठेपतो. काही पुरुष तर स्कॉटिश पद्धतीचा किल्ट घालून चालतात, म्हणजे मध्ये शिवण नाही आणि खालून हवा. २१ जूनला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, काही हौशी मंडळी पँटचा प्रश्न मुळातूनच निकालात काढतात आणि नुसत्या सॅकनिशी चालतात. ही प्रथा तिकडेच राहू द्यावी. भीमाशंकरच्या शिडी घाटात तिला भवितव्य नाही. तिथे माकडं आहेत.

तर खरेदीकडे वळू. मॉलमधल्या खेळाच्या दुकानातला तरुण पहिला प्रश्न विचारतो, “सर, ट्रेकिंग की हायकिंग?” हा फरक विचारायचा नाही. विचारला तर तो सांगतो. दुसरा प्रश्न लांबीचा असतो. हाफपँटची लांबी आतल्या शिवणीवर मोजतात आणि पाच, सात, नऊ अशा इंचांत विकतात. नऊ इंच साडेपाच फुटी माणसाच्या गुडघ्याशी येऊन टेकते. कोरड्यात ठीक, पण ओलं कापड गुडघ्याला चिकटतं आणि प्रत्येक उंच पायरीला पँट मागे ओढते. रतनगडाच्या शिड्या चढताना ही ओढ मोजता येते. पाच इंची पँट हवेशीर असते, पाय मोकळा राहतो, तिकडच्या वाटांवर ती आवडती आहे. पण तिकडच्या लोकांचा दिवस दगडावर किंवा ओंडक्यावर बसून संपतो.

आपला ट्रेक कुठे संपतो? पायथ्याच्या गावात, कुणाच्या तरी ओटीवर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, पिठलं-भाकरीच्या ताटासमोर, मांडी घालून. समोर घरातली आजी बसलेली असते आणि भाकरी वाढता वाढता विचारत असते, “मुंबईचं का?” बाजूला तिचे यजमान, दारात नातवंडं. या क्षणी पाच इंची पँटवाल्याचं काय होतं ते मी लिहीत नाही. एका जेवणात मी एका सुशिक्षित माणसाला शेवटपर्यंत मांडीवर टोपी धरून जेवताना पाहिलं आहे. डाव्या हाताने टोपी, उजव्या हाताने भाकरी, आणि आजीचा आग्रह, “टोपी ठेव की रे बाबा खाली, जेवताना कशाला?”

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सह्याद्रीसाठी हाफपँटच्या दोनच कसोट्या खऱ्या. मांडी घालून बसता आलं पाहिजे, आणि उकिडवं बसता आलं पाहिजे. दुसऱ्या कसोटीचं कारण पहाटे टमरेल घेऊन निघालेल्याला सांगावं लागत नाही. सात इंचाच्या आसपासची, घेराला थोडी सैल, गसेट असलेली पँट दोन्हींत बसते. पण ही परीक्षा घ्यायची कुठे? ट्रायल रूममध्ये मांडी घालायला जागा नसते. मी बाहेर येऊन दुकानाच्या फरशीवर बसलो. आधी मांडी, मग उकिडवं, मग चार उठाबशा, मग त्यांच्या बूट घालून बघायच्या स्टुलावर एकेक पाय. बाहेर बायको उभी होती.

“झालं का?”

“अजून आतली शिवण बघायचीय.”

“आत जाऊन बघा. इथे नको.”

शिवण मात्र बघायचीच. पँट उलटी करून आतून अंगठा फिरवायचा. अंगठ्याला जे लागतं तेच मांडीला सत्तर हजार वेळा लागणार आहे. आतून सपाट शिवलेली असेल तर उत्तम. कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टर, त्यात थोडा ताण देणारा धागा. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, नायलॉन थोडं पितं पण घासण्याला जास्त टिकतं. पॉलिएस्टरला एक खोड आहे, अंगाचा वास ते धरून ठेवतं. तिसऱ्या दिवशी पँट आधी येते आणि मग माणूस. कमरेला जाड बक्कल, मोठं बटण नको. सॅकचा पट्टा बरोबर त्याच्यावर येतो आणि दहा-बारा किलोंच्या ओझ्याने ते पोटात रुतवतो. अलंग-मदनसारख्या ठिकाणी दोराला बांधून घ्यायचं असेल तर हार्नेसचे पट्टे मांडीभोवती येतात. तिथे पँट त्यांच्याखालून सरकून वर गेली की पट्टा थेट कातडीला चिमटे घेतो. अशा दिवशी आत मांडीभर लांबीची घट्ट सायकलची चड्डी घालावी. एरवीही जाड मांड्यांच्या लोकांनी ती घालावीच. घासायचं ते कापड कापडावर घासू द्यावं.

किमतीचा हिशोब मला आजवर लागलेला नाही. नऊ इंचीपेक्षा सात इंची महाग, सातपेक्षा पाच आणखी महाग. दुकानात बहुधा कापडाचे पैसे नसतात, कापड नसण्याचे असतात. या अन्यायावर उपाय म्हणून मी शिंप्याकडे गेलो. आमच्या पेठेतले शिंपी काका चाळीस वर्षं फुलपँट शिवतायत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि माप घ्यायची पट्टी गळ्यात परत टाकली.

“साहेब, फुलच शिवा. कापड थोडंच जास्त लागतं.”

“काका, मला हाफच हवीये. डोंगरावर चालायला.”

“डोंगरावर? मग तर फुलच. काटे लागतील.”

“मधे तो तुकडा घालाल का, लेंग्याला घालता तसा?”

इथे मात्र काकांचे डोळे चमकले. “हे कुणी सांगितलं तुम्हाला? हल्ली कुणी मागत नाही ते.” त्यांनी तो तुकडा अर्धा तास समजावून सांगितला, कागदावर काढून दाखवला, आणि गुरुवारी या म्हणाले. मराठी भाषेत शिंप्याच्या गुरुवारला तारीख नसते, त्यामुळे गेले दोन महिने मी गुरुवारी जातो आहे. पण शिवतील तेव्हा ती उत्तम असणार यात मला शंका नाही.

बायकांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्यावर मी न बोललेलं बरं, असं माझ्या भाचीने मला सांगितलं आहे. ती माझ्याहून चांगली चालते. नाणेघाटात ती वर पोचून रांजणाशेजारी बसून सफरचंद संपवते तेव्हा आम्ही खाली शेवटच्या टप्प्याला “थोडंच राहिलं” म्हणत असतो. तिची तक्रार खिशांची आहे. “मामा, बायकांच्या शॉर्ट्सच्या खिशात दहा रुपयांचं नाणं राहतं. ते पण उभं नाही.” गावात शिरताना येणाऱ्या नजरा, एसटीत शेजारच्या काकूंनी पायांवर टाकलेली ओढणी, हे सगळं झाल्यावर तिने आपला मार्ग काढला. खाली पातळ लेगिंग, वर पुरुषांच्या विभागातली सात इंची पँट. लेगिंगमुळे कुसळं, ऊन आणि काकू तिन्हींचा बंदोबस्त होतो, वरच्या पँटमुळे घसाऱ्यावर बसून उतरताना लेगिंग फाटत नाही, आणि खिशात फोन मावतो. यात आम्हा पुरुषांच्या सगळ्या चर्चेचं उत्तर आहे हे आमच्या ग्रुपमध्ये कुणी उघडपणे मान्य केलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र लीडर पँटखाली काळी लेगिंग घालून आला होता. विचारलं तर म्हणाला, “थर्मल आहे.” जुलैमध्ये.

परदेशातल्या नातेवाईकांकडून पँट मागवणाऱ्यांना एक सूचना. तिकडचा मिडियम आपल्याकडच्या एक्स्ट्रा लार्जच्या पोटाला येतो. माझ्या आतेभावाने कॅलिफोर्नियाहून मोठ्या प्रेमाने आणलेली पँट दिसायला देखणी आहे, तिला सहा महिने वास येत नाही अशी तिची हमी आहे, आणि ती माझ्या कमरेवर थांबत नाही. आतेभावाला वाईट वाटू नये म्हणून तो आला की मी ती घालतो आणि बसून राहतो.

तेव्हा पन्हाळ्याची किंवा रायगडाची लांबची चाल ठरवली असेल तर पँट महिनाभर आधी घ्या. दोनदा धुवा, म्हणजे कापडाला लावलेली खळ निघून जाईल. मग सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरा, पँटवर एक बाटली पाणी ओता आणि त्या ओल्या पँटने सिंहगड चढून उतरा. वर देवटाक्याजवळ मांडी घालून पिठलं-भाकरी खा आणि समोरच्या भाकरीवाल्या मावशींच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. त्या शांतपणे कांदा फोडत राहिल्या तर लांबी बरोबर आहे. खाली येईपर्यंत मांड्यांनी काही कळवलं नाही तर पँटही बरोबर आहे. काचली तर दुकानात परत नेऊ नका, धुतलेली घेत नाहीत. कुंड्यांना पाणी घालायला ठेवा.